नाममात्र सभासद

स्मरणिका समितीची मंडळी फेब्रुवारीत घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही सुरुवातीपासून इथे आहात, सात वर्षं सेक्रेटरी होतात, त्यातून बँकेतले. कागद तुम्हाला कळतात. सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." पंचाहत्तरीच्या माणसाला कोणी काम सांगितलं की बरं वाटतं. दुसऱ्याच दिवशी ऑफिसच्या कपाटातली सगळी दप्तरं घरी आणली. "ही धूळ हॉलमध्ये नको," असं सौ.ने बजावल्यामुळे इतिहासाचं कामकाज गॅलरीत झालं.

बिल्डरने काय कबूल केलं होतं आणि काय दिलं, बोअरिंगला पाणी कधी लागलं, कन्व्हेयन्सची रामकहाणी, हे सगळं अध्यक्षांच्या लेखात येणार आहे. ते मी पुन्हा सांगत नाही. मला कपाटात भलतीच गोष्ट सापडली. बोर्नव्हिटाच्या डब्यात तीन पावती-पुस्तकं होती. प्रत्येक पावती १०० रुपयांची, तपशील एकच: 'नाममात्र सभासद प्रवेश फी'. म्हणजे आपल्याकडे भाड्याने राहून गेलेली माणसं. मोजल्या तर ६१ पावत्या भरल्या. शेवटची २०११ सालची. त्यानंतर ही फी घ्यायचं आपण सोडून दिलं, का ते कुठेही लिहिलेलं नाही.

आता 'आय' नमुन्याची सभासद नोंदवही बघा. २४ फ्लॅट, आणि खरेदी-विक्री, वारस धरून पंचवीस वर्षांत ३८ नावं. म्हणजे मालकांपेक्षा भाडेकरू किती तरी जास्त होऊन गेले, तेही फक्त २०११ पर्यंतच्या पावत्या धरल्या तर. आणि इतिहास लिहायचा तो ३८ जणांचा! मला ते पटेना. म्हणून हा लेख बाकीच्यांचा.

पण त्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण आपला हा परिसरच मुळी मुक्कामाला आलेल्यांचा आहे. (औंध म्हटलं की बाहेरगावच्या नातेवाइकांना साताऱ्याकडचं संस्थान आठवतं. ते औंध वेगळं, हे वेगळं.) आज ज्या इमारतीला आपण विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणतो ते मुंबईच्या गव्हर्नरचं गणेशखिंडीतलं घर. सर बार्टल फ्रिअरच्या काळात, १८६४ साली काम सुरू झालं आणि १८७१ मध्ये पुरं झालं. गव्हर्नरसाहेब तिथे बारमाही राहत नसत. मुंबईचा पावसाळा चुकवायला यायचे आणि हवा बदलली की परतायचे. २२ जून १८९७ च्या रात्री याच घरी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ होता. तिथून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. महोत्सवाच्या स्मरणिकेत हे लिहावं की नाही असा विचार आला खरा, पण इतिहास आहे.

पुणे विद्यापीठ स्थापन झालं १० फेब्रुवारी १९४९ ला. पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. त्यापूर्वी पुण्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. पुढच्याच वर्षी, ३ जानेवारी १९५० ला, पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं. एका बाजूला चारशे एकरांहून मोठं विद्यापीठाचं आवार, दुसरीकडे प्रयोगशाळा, मागे चतुःशृंगीचा डोंगर आणि पलीकडे मुळा नदी. शांतता आपोआपच मिळाली. विद्यार्थी, संशोधक आणि प्राध्यापक येत राहिले. वसतिगृहं बांधली गेली, पण ती कधीच पुरली नाहीत. ज्याला वसतिगृहात जागा मिळाली नाही तो दारोदार खोली विचारत फिरू लागला.

त्या फिरणाऱ्यांत १९७४ च्या जूनमध्ये मीही होतो, विद्यार्थी नसलो तरी. बार्शीहून बी.कॉम. होऊन बँकेत क्लार्क म्हणून लागलो होतो आणि पोस्टिंग शिवाजीनगरला मिळालं होतं. वडिलांच्या छातीचं दुखणं निघालं आणि त्यांना औंधच्या उरो रुग्णालयात दाखल केलं, म्हणून खोली इकडेच हवी होती. त्या वेळी विद्यापीठाच्या फाटकापासून पुढे औंधकडे सायकल काढली की दोन्ही बाजूला वडाची झाडं, शेतं आणि मध्येच एखादा बंगला. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर माणूस दिसत नसे.

खोल्या रिकाम्या होत्या, पण मालक देत नव्हते. त्याचं कारण मला बँकेतल्या एका सीनियर सहकाऱ्याने समजावून सांगितलं आणि ते आजच्या मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर बांधून टाकली होती. लढाईच्या काळातल्या टंचाईवर तोडगा म्हणून आलेला कायदा पुढे पन्नास वर्षं चालला. पेठांतल्या वाड्यांत तीन-तीन पिढ्या आठ-दहा रुपये भाड्यात राहिल्या. मालकाला कौलं शाकारायला पैसे नाहीत आणि भाडेकरूला निघायचं कारण नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठचे असे किती तरी वाडे बसले.

या कायद्यातून वाट म्हणून 'लिव्ह अँड लायसन्स' आलं. म्हणजे तुम्ही भाडेकरू नाही, परवानगीने राहणारे. मालक जरा निर्धास्त झाले, तोच १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ ला जो कोणी चालू लायसन्सवर राहत होता, तो भाडेकरू मानला गेला. म्हणजे ज्याला आपण वर्षभरासाठी म्हणून खोली दिली तो एका रात्रीत कायमचा झाला. ती दुरुस्ती त्या तारखेपुरतीच होती, पुढच्यांना लागू नव्हती. पण घाबरलेल्या माणसाला तारखेचं काय! मी खोली शोधायला निघालो तो त्यानंतर दीडच वर्षाने. "एकदा सरकारने केलंय, पुन्हा करेल," हे वाक्य मी चार बंगल्यांच्या फाटकात ऐकलं. एका मालकाने इराणी विद्यार्थ्यांना जागा दिली होती. ते त्या काळात पुण्यात बरेच होते. त्याचा हिशेब सरळ होता, परदेशी पोरगं शिकून परत जाणार, घर बळकावणार नाही.

मला खोली मिळाली ती एका प्रश्नामुळे. बंगल्याच्या मालकीणबाई एकट्या राहत. साठीच्या पुढच्या, सगळे त्यांना आजीच म्हणत. त्यांनी विचारलं, "बँकेत आहात म्हणता. बदली होते ना?" होते, म्हटलं, निश्चित होते. "मग या," म्हणाल्या. नोकरीतली जी गोष्ट घरच्यांना नकोशी होती तीच माझी लायकी ठरली. मागच्या बाजूचं आउटहाउस, भाडं ११० रुपये, दिव्याचे ५ वेगळे, फाटक रात्री नऊला बंद. पावती मात्र मिळणार नाही, कारण पावती म्हणजे पुरावा.

बदलीच्या आधी त्यांनी आडनाव विचारलं होतं, हेही लिहायला हवं. माझं आडनाव चाललं. माझ्याच बरोबर लागलेला एक विदर्भातला सहकारी होता. काउंटर शेजारी, पगार तोच, बदलीची शक्यताही तितकीच. त्याने आडनाव सांगितलं की खोली 'कालच दिलेली' असायची. एकदा मीच त्याला एका ठिकाणी घेऊन गेलो होतो. तिथे मला आदल्या संध्याकाळी खोली दाखवली होती, आणि त्या सकाळी ती 'दिलेली' निघाली. परत येताना तो सायकलवर काही बोलला नाही. मीही बोललो नाही. तो चार महिने लॉजवर राहिला आणि मग त्याने स्वतःहून नागपूरकडे बदली मागून घेतली. बदली झाली तर खोली मिळते हे मी शिकलो आणि खोली मिळत नाही म्हणून बदली घ्यावी लागते हे त्याने.

आजींना माझ्या वडिलांचा आजार काय आहे ते मी सांगितलं नव्हतं. क्षयाचं नाव काढलं असतं तर खोली गेली असती, याची खात्री होती. दोन महिन्यांनी त्यांना कुठून तरी कळलंच. त्या रविवारी दुपारी दारात आल्या. मी सामान बांधायच्या तयारीनेच उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "आजपासून तुमचा कप नि ताट वेगळं ठेवते. आणि दवाखान्यात जाताना दूध घेऊन जात जा, आमच्याकडे उरतं." कप वेगळा झाला याचं तेव्हा वाईट वाटलं होतं. पण खोली त्यांनी काढून घेतली नाही. वडील बरे होऊन बार्शीला परतले. मी तिथे पावणेतीन वर्षं राहिलो आणि बदली झाल्यावर ठरल्याप्रमाणे निघालो.

मधली वर्षं लातूर, नांदेड, नाशिक अशी गेली. तीसुद्धा भाड्याच्याच घरांत. १९९३ मध्ये अधिकारी म्हणून परत पुण्याला आलो. बँकेच्या नावावर लीज असल्यामुळे या वेळी औंधात जागा लगेच मिळाली. आडनावही कोणी विचारलं नाही, बँकेला आडनाव नसतं. मग हाउसिंग लोन, बुकिंग, आणि १९९८ मध्ये ए-५ चा ताबा. ओटे अजून ओले होते.

आपली सोसायटी नोंदली गेली २००० साली, आणि त्याच वर्षी ३१ मार्चला नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला. बँकवाल्याला ३१ मार्च विसरता येत नाही, म्हणून लक्षात राहिलं. या कायद्याने मालकाची भीती बरीच काढून टाकली. लायसन्सची मुदत संपली की जागा सोडायची, सोडली नाही तर दुप्पट आकार. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी लोक अजून अकरा महिन्यांचाच करार करतात. वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती, ती चुकवायला अकरा महिने आले. आता नोंदणी कशीही करावीच लागते, पण अकराचा आकडा काही सुटत नाही.

त्यात हिंजवडी उभी राहिली आणि ज्यांनी गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतले होते त्यांना भाडेकरू सहज मिळू लागले. आपल्याकडे कोणत्याही वर्षी आठ-नऊ फ्लॅट भाड्याने असतच. सुरुवातीला आपण अशा मालकांकडून महिना ५०० रुपये जादा घ्यायचो. 'बाहेरची माणसं लिफ्ट वापरतात' हे कारण. जशी आतली माणसं जिन्यानेच जात होती! १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर आणून ठेवले. आपले ५०० चे ३० रुपये झाले. त्या सभेत झालेला आरडाओरडा इतिवृत्तात मी 'साधकबाधक चर्चा' असा लिहिला आहे.

पावत्यांवरून माणसं आठवत गेली. आयुकात काम करणारा एक बंगाली संशोधक होता. त्याने गच्चीवर दुर्बीण लावून आपल्या पोरांना शनीची कडी दाखवली. तेव्हा रांगेत मुलांपेक्षा आयाच जास्त होत्या. विद्यापीठात मराठी शिकायला आलेली एक जपानी बाई होती. 'गॅलरीत कपडे वाळत घालु नये' ही माझी नोटीस तिने 'घालू' दीर्घ करून मला परत दिली. जळगावचं एक जोडपं होतं. त्यांच्या मुलीचं बारसं आपल्या पार्किंगमध्ये झालं, आपल्या जागेत साजरं झालेलं ते पहिलंच. सोसायटीच्या फोटोंत ही कोणीही नाहीत, कारण वर्धापनदिनाचा फोटो 'सभासदांचा' असतो. उपविधींतला शब्दच तसा आहे, नाममात्र सभासद. मत नाही, सभेत बोलायचा हक्क नाही. फी मात्र आहे.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो.

२००६ साली बी-९ मध्ये तीन मुलं राहत होती. परभणी-हिंगोलीकडची, विद्यापीठात एम.एस्सी.ला. मालक नाशिकला. तक्रारी नेहमीच्याच होत्या. दारात चपलांचा ढीग, रात्री उशिरा हसणं, दुसऱ्याच्या जागेवर लावलेली मोटारसायकल. नवरात्रात चतुःशृंगीच्या जत्रेहून रात्री दीडला परत आली आणि फाटक वाजवलं, ते शेवटचं निमित्त झालं. ऑक्टोबरात विशेष सभा बोलावली. सेक्रेटरी मी. ठरावाचा मसुदा माझा: 'यापुढे कोणत्याही सभासदाने आपली सदनिका अविवाहित व्यक्तींस अथवा विद्यार्थ्यांस भाड्याने देऊ नये, व सध्या दिली असल्यास पंधरा दिवसांत रिकामी करून घ्यावी.' असं करायला उपविधींत कुठलाही आधार नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. एका मुलाने कधी माझ्या सौ.ची भाजीची पिशवी वर आणून दिली नव्हती असंही नाही.

ठरावाच्या बाजूने १५, तटस्थ २, विरुद्ध १. विरुद्ध हात होता ए-३ मधल्या काकूंचा. शिक्षिका होत्या, आता त्या नाहीत. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "इथले निम्मे पुरुष पुण्यात आले तेव्हा अविवाहितच होते. तुम्हाला कोणी तरी खोली दिलीच ना?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या असं मला वाटलं. आजींची गोष्ट मी त्यांना कधी सांगितलेली नव्हती. इतिवृत्तात त्यांचं हे वाक्य नाही. 'चर्चेअंती ठराव बहुमताने संमत' एवढंच आहे. अक्षर माझंच आहे. वाक्य आज इथे लिहून ठेवतो.

दोन दिवसांनी त्यातला सगळ्यात शांत मुलगा घरी आला. हातात पावती होती. "काका, यात आम्ही सभासद आहोत असं लिहिलंय. मग सभेला आम्हाला का नाही बोलावलं?" मी त्याला 'नाममात्र'चा अर्थ समजावून सांगितला, कलमासकट. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मग हे शंभर रुपये परत मिळतील का?" मी म्हटलं, "प्रवेश फी परत मिळत नाही." नियमाने ते बरोबर होतं. "बरं काका," म्हणून तो गेला. दिवाळीच्या आधी त्यांचं सामान टेंपोत चढलं. नदीपलीकडे सांगवीत खोली मिळाली एवढं वॉचमनकडून कळलं. पावती-पुस्तकात त्यांच्या नावांची स्थळप्रत आहे, तीन नावं एका पावतीवर. ती मला या वर्षी पुन्हा दिसली.

२०२० च्या टाळेबंदीत आपल्याकडचे नऊपैकी सहा भाड्याचे फ्लॅट रिकामे झाले. त्या वर्षीचा ताळेबंद काढून बघा. मेंटेनन्सची थकबाकी कधी नव्हे एवढी वाढली, कारण भाडं बंद झालं की मालकाचा चेकही बंद. ज्यांना आपण 'बाहेरची माणसं' म्हणत होतो त्यांच्या भाड्यावर आपली लिफ्ट किती चालते हे तेव्हा कळलं. पंप, वॉचमन, जिन्यातले दिवे, सगळं रडतखडत चाललं होतं.

२००६ चा तो ठराव अजून रद्द झालेला नाही. सध्याचे सेक्रेटरी म्हणतात, "काका, तो पाळतंय कोण? बी-९ मध्ये आताच दोन नोकरी करणाऱ्या मुली राहतात. जुनं कशाला उकरता?" खरं आहे, कोणी पाळत नाही. पण गेल्या जूनमध्ये ए विंगमधल्या एका सभासदाला एका मुलाला जागा द्यायची नव्हती, तेव्हा त्यांनी एजंटला ह्याच ठरावाची झेरॉक्स दाखवली. झेरॉक्सवर खाली माझी सही होती. तो मुलगा कोण, कुठल्या गावचा, त्याचं आडनाव काय, हे मी विचारलं. एजंटने आडनाव सांगितलं. बाकी मी लिहीत नाही.

येत्या सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मी लेखी सूचना दिली आहे. तो ठराव रद्द करावा, आणि राहायला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचं किंवा व्यक्तीचं नाव, गाव, आल्या-गेल्याची तारीख एका साध्या वहीत लिहून ठेवावी. ही वही पोलिसांच्या माहितीसाठी नाही, ती वेगळी द्यावीच लागते. ही आपल्यासाठी. जुनी ६१ पावत्यांवरची नावं मी त्यात उतरवून ठेवली आहेत, वही माझ्याकडे आहे, कोणालाही बघता येईल. त्यातलं कोणी आता कुठे आहे हे माहीत असेल तर ए-५ ची बेल वाजवावी. बी-९ मधल्या त्या तिघांपैकी कोणाचा पत्ता लागला तर मला हवा आहे, शंभर रुपये द्यायचे आहेत.

सूचनेच्या कागदावर सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदकाची जागा अजून कोरी आहे.